पुसलेले टाके

त्यांच्या स्टुडिओत माणूस कसाही आत जावो, बाहेर येणारा फोटो देखणाच असायचा. गावातली बरीच लग्नं त्या फोटोंवर जमली, आणि प्रत्यक्ष भेट झाल्यावर काही मोडण्याच्या बेतातही आली. त्यांना लोक 'फिनिशिंगवाले' म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं नेमकं ठेवलं. फोटो काय, कुणीही काढतो, खरं काम त्यानंतरचं, असं ते स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असत.

निगेटिव्हच्या काळात ते खिडकीपाशी बसून टोकदार पेन्सिलीनं एकेक पुळी, एकेक वण, डोळ्यांखालची एकेक रेघ घालवत. पुढे कॉम्प्युटर आला. पेन्सिलीचं काम माउसवर गेलं, हात तोच राहिला. तिरळा नवरदेव सरळ बघू लागला, टकलावर हळूच केसांची सावली आली. एकदा पासपोर्ट कार्यालयातून एका गृहस्थांचा अर्ज परत आला, कारण समोर उभा असलेला माणूस आणि फोटोतला माणूस एकच आहेत हे तिथल्या कारकुनाला काही केल्या पटेना. गृहस्थ तणतणत दुकानात आले. फिनिशिंगवाल्यांनी ही हकीकत पुढे जन्मभर स्वतःचं कौतुक म्हणून सांगितली.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. फसवाफसवी त्यांच्या मनात कधी नव्हती. कुणीतरी नीटनेटके कपडे करून, केस विंचरून आपल्यासमोर बसतो, त्याला मुरुमांसकट घरी पाठवणं त्यांना हलकटपणाचं वाटे. शेजारच्या न्हाव्यानं अर्धी दाढी करून कुणाला उठवलं असतं का, असा त्यांचा सवाल असायचा.

मग मोबाइल आले आणि ज्याचा तो फिनिशिंगवाला झाला. दुकानाकडे कुत्रंही फिरकेना. शेवटी ती जागा एका चष्मेवाल्याला देऊन ते घरी बसले, आणि इथून त्यांच्या बायकोचे हाल सुरू झाले. आपला संसार सुखाचा झाला तो नवरा दिवसभर दुकानात असल्यामुळेच, असं तिचं स्पष्ट मत होतं. आता ते घरभर फिरत भिंतीवरचं घड्याळ सरळ करत, दिव्यांच्या जागा बदलत, आणि ती भाजी चिरायला बसली की म्हणत, "अगं, उजेड तुझ्या पाठीमागून येतोय. जरा इकडे वळ."

"अहो, मला भाजी चिरायचीय, छापायची नाहीये," ती म्हणे.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली की झोपायचं सोडून ती संग्रहालयात जाऊन बसायची. एका संध्याकाळी ती खाली आली आणि काय चाललंय ते तिनं समजावून सांगितलं. गावातलं छोटं संग्रहालय, त्याला लागून असलेलं वाचनालय आणि तिच्यासारखी दहाबारा हौशी माणसं, अशी तिघांची मोट बांधली होती. संग्रहालयानं आपली कपाटं उघडायची, वाचनालयानं कॉम्प्युटर आणि जुनी पुस्तकं द्यायची, आणि ह्या लोकांनी वस्तूंचे फोटो काढून, माहिती लिहून सगळं इंटरनेटवर अशा जागी ठेवायचं, जिथे जगात कुणालाही ते फुकट बघता येईल आणि स्वतःला माहीत असलेलं त्यात भरता येईल. कोठीतल्या बहुतेक वस्तूंवर झाडू मारणाऱ्याखेरीज कुणाची नजर कधी पडलीच नव्हती.

"काका, आमच्याकडे कॅमेरा आहे, पण धरणारा हात नाहीये," नर्स म्हणाली. "परवा मी पितळी किटलीचा फोटो काढला, त्यात किटलीपेक्षा माझंच तोंड जास्त दिसतंय."

फिनिशिंगवाल्यांनी बघू, विचार करतो, असं म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "येतील ते. उद्यापासूनच येतील."

अशा रीतीनं ते संग्रहालयाच्या मागच्या खोलीत जाऊन पोचले. खोलीला एकच उंच खिडकी होती, तिच्यावर त्यांनी आल्याआल्या पातळ पांढरं कापड लावून टाकलं. टेबलावर पांढऱ्या कागदाची भेंडोळी अशी सोडली की मागची कड दिसू नये. दोन्ही बाजूंना पांढऱ्या छत्र्यांचे दिवे आले. संग्रहालयाच्या क्युरेटर बाई हातमोजे घालून, श्वास रोखून, एकेक वस्तू आणत. शेजारी मापाची पट्टी आणि वस्तूचा क्रमांक ठेवायचा, फोटो झाला की वस्तू परत कपाटात. बाई इतक्या काटेकोर होत्या की खोलीत शिंकायचं झालं तरी माणूस बाहेर जाई.

संध्याकाळी फिनिशिंगवाले फोटो घरी नेत आणि मग त्यांचं खरं काम सुरू होई.

हे काय चाललंय ते कुणाला कळलं नाही, यात नवल नव्हतं. असं करू नका, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. फिनिशिंग झालेले फोटो थेट त्या हौशी मंडळींकडे जात. ती आपापल्या घरी बसून, फोटो बघून माहिती लिहीत. रंग कोणता, आकार कसा, वस्तूची अवस्था काय. अवस्थेपुढे सगळ्यांनी एकमुखानं 'उत्तम' लिहिलं होतं. वस्तू एकदा कपाटात गेली की तिचं तोंड आणि फोटो शेजारी शेजारी धरून कुणी बघत नव्हतं. लांबलांबची माणसं ती पानं बघू लागली, शाबासकीचे निरोप येऊ लागले. आपल्या वस्तू इतक्या सुंदर आहेत हे मलाच माहीत नव्हतं, असं एकदा क्युरेटर बाई म्हणाल्या, तेव्हा फिनिशिंगवाल्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुकान बंद झाल्यापासून ते इतके आनंदात कधीच नव्हते.

आणि मग तो निरोप आला.

चहाच्या वेळी क्युरेटर बाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. चिनी मातीचा एक मोठा वाडगा होता, पांढरा, त्याच्या पोटावर निळे मासे रंगवलेले. त्या वाडग्याच्या पानाखाली एका बाईंनी लिहिलं होतं: 'हा वाडगा आमच्या घरून आला असं इथे लिहिलं आहे. पण हा आमचा नाही. आमचा वाडगा फुटलेला होता आणि त्याला बाहेरून तारेचे टाके होते. ते माझ्या वडिलांनी घातले होते. आमचा वाडगा कुठे गेला ते कृपया कळवावं.'

आरडाओरडा नाही, आरोप नाही, आणि त्यामुळेच क्युरेटर बाईंचा चेहरा उतरला. संग्रहालयातली वस्तू बदलली गेली, असा त्याचा सरळ अर्थ होता. त्या तडक कोठीत गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. वाडगा होता तिथेच होता. पोटावर आडवीतिडवी भेग होती आणि तिच्यावर बारीक तारेचे टाके ओळीनं बसलेले होते. बाईंनी तो कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवला. पडद्यावर निळे मासे अखंड पोहत होते.

नर्स एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. फिनिशिंगवाले मात्र पुढे झाले.

"ते मी घालवले," ते म्हणाले. "टाके. फार वेळ गेला त्यात. माशांच्या अंगावरून जात होते ना, खवले पुन्हा भरावे लागले."

"घालवले म्हणजे काय, काका?" नर्सनं विचारलं.

"फिनिशिंग केलं."

क्युरेटर बाई खुर्चीत बसल्या. "आणखी कशाकशाचं केलंत?"

"सगळ्याचंच."

"त्या लाकडी घोड्याचा कान?"

"तो नव्हताच. दुसऱ्या कानावरून केला."

"काका, त्या कानावर एका अभ्यासकांनी मला पानभर लिहून पाठवलंय," बाई हळूच म्हणाल्या. नर्स खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते. पण बाई हसत नव्हत्या, आणि थोड्या वेळानं नर्सचेही खांदे थांबले.

सगळे फोटो त्याच दिवशी उतरवले गेले. संग्रहालयाची जी समिती होती तिची बैठक झाली. एका सदस्याचं म्हणणं पडलं की हौशी लोकांच्या हाती दिलं की असंच होणार, हा उद्योग आता आवरा आणि पुढे कधीतरी एखाद्या कंपनीला काम द्या. पुढे कधीतरी म्हणजे कधीच नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. क्युरेटर बाई भांडल्या. शेवटी असं ठरलं की वाडगावाल्या बाईंना बोलवायचं. तक्रार त्यांची आहे, वाडगा त्यांच्या घरचा आहे. त्यांनी वाडगा परत मागितला तर तो देऊन टाकायचा आणि सगळ्यावरच पडदा पाडायचा. त्यांचं समाधान झालं तर काम पुढे चालू ठेवायचं. म्हणजे इतक्या लोकांची इतक्या दिवसांची खटपट एका अनोळखी बाईच्या तोंडाकडे बघत बसली होती, आणि ती तिथवर नेऊन ठेवणारे आपण आहोत, हे फिनिशिंगवाल्यांना घास गिळू देत नव्हतं.

"मूळ फोटो आहेत की तेही पुसलेत?" बायकोनं विचारलं.

"मूळ मी कधी पुसत नाही."

"मग तेच चढवा की."

"बघितले मी. त्यातही टाके जेमतेम दिसतात. उजेडच असा लावलाय, की काही उठून दिसू नये."

बायको पोळपाट आवरत होती, ते तिनं थांबवलं. "लग्नानंतर तुम्ही माझा फोटो काढला होतात. तो बघून माझ्या आईनं विचारलं होतं, ही कोण."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस मला?"

"छान दिसत होते म्हणून," ती म्हणाली. "म्हणून तर सगळ्यांनी गप्प बसून तुम्हाला डोक्यावर चढवलं. आता जा आणि पुन्हा काढा. तुम्हाला कुठे सकाळी दुकान उघडायचंय."

वाडगावाल्या बाई ठरल्याप्रमाणे आल्या. वयानं फिनिशिंगवाल्यांपेक्षा थोड्या मोठ्या, खांद्याला पिशवी, जन्मभर कपड्यांच्या लाँड्रीत इस्त्री केल्यामुळे उजवा खांदा जरा खाली गेलेला. क्युरेटर बाईंनी टेबलावर मऊ कापड अंथरून वाडगा त्यावर ठेवला होता.

"हात लावू का?" त्यांनी विचारलं.

हातमोज्यांशिवाय स्वतःच्या सख्ख्या भावालाही बोट लावू न देणाऱ्या क्युरेटर बाई म्हणाल्या, "लावा."

त्यांनी वाडगा उचलला, फिरवला आणि टाक्यांच्या ओळीवरून अंगठा नेला. शेवटी फिनिशिंगवाल्यांनाच राहवलं नाही.

"ताई, ते काम माझं. फोटोतून टाके मी काढून टाकले."

"का?"

त्यांनी येताना रस्त्यात चांगली तीनचार उत्तरं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना. "चांगलं दिसावं म्हणून," ते म्हणाले.

"चांगलंच दिसत होतं ते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर फिनिशिंगवाल्यांना सोपं गेलं असतं.

मग त्या बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांचे वडील बाजाराच्या कोपऱ्यावर चटई टाकून बसत. फुटलेल्या बश्या, किटल्या, वाडगे लोक त्यांच्याकडे आणत आणि ते दोरीनं फिरवायच्या गिरमिटानं बारीक भोकं पाडून, तारेचे टाके घालून ते सांधत. सांधलेल्या किटलीतून थेंब गळत नसे. पुढे स्टीलची आणि प्लास्टिकची भांडी आली. फुटलेलं फेकून द्यायची चाल पडली आणि त्यांना कुणी विचारेनासं झालं.

"त्यांचा फोटो एकही नाही, भाऊ," त्या फिनिशिंगवाल्यांकडे बघून म्हणाल्या. "बाकीची भांडी तर ज्याची त्यानं नेली. आमच्या घरात त्यांच्या हातचं एवढंच होतं. आई गेल्यावर मी ते इथे दिलं, म्हटलं इथे नीट राहील. इथल्या लोकांनी माशांसाठी घेतलं, मी टाक्यांसाठी दिलं. नात माझी लांब असते, परदेशात. तिला फोनवर सांगितलं, तुझ्या कॉम्प्युटरवर बघ, माझ्या बाबांचं काम दिसेल. तिनं बघितलं आणि म्हणाली, आजी, ह्याच्यावर काहीच नाहीये, तू विसरलीस का." त्या थांबल्या. "विसरलीस का, म्हणाली मला."

फिनिशिंगवाल्यांना लाज वाटली. नुसती चूक झाल्याची ती लाज नव्हती. तो चटईवर बसणारा माणूस कधी आपल्या दुकानाची पायरी चढला असता, तर आपण त्याच्या बोटांवरचे ओरखडेसुद्धा पुसून दिले असते आणि वर खूश होऊन त्याला ते दाखवलं असतं, हे त्यांना स्वच्छ दिसलं. एका कारागिराचं काम दुसऱ्या कारागिरानं पुसलं होतं, आणि तेही मन लावून.

"ताई, आता काढू का फोटो? तुमच्यासमोर," ते म्हणाले. "काढून झाल्यावर वाडगा घरी न्यायचा असला तर न्या. पण एकदा काढू द्या."

"काढा," त्या म्हणाल्या आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसल्या.

फिनिशिंगवाल्यांनी दोन्ही छत्र्या मिटल्या. खिडकीवर जाड पडदा ओढला. एकच दिवा त्यांनी टेबलाच्या कडेला, पार खाली आणून ठेवला, इतका खाली की उजेड वाडग्याच्या अंगावरून घसरत जावा. तशी प्रत्येक टाक्यामागे छोटीशी सावली पडली आणि सगळी ओळ उठून दिसू लागली. सावली म्हटली की आयुष्यभर हे तिच्या मागे काठी घेऊन लागलेले, आज वाकून वाकून दिवा सरकवत ती जरा आणखी गडद होते का ते बघत होते.

"आतूनही काढा," बाई म्हणाल्या. "बघा, एकही भोक पलीकडे गेलेलं नाहीये. अर्ध्यातच थांबायचं. त्यातच तर सगळं कसब होतं त्यांचं."

त्यांनी आतून काढला. मग एकेका टाक्याचा जवळून काढला. क्युरेटर बाई वाडगा फिरवत होत्या, वाडगावाल्या बाई कुठे थांबायचं ते सांगत होत्या, आणि नर्स शेजारी बसून त्या बोलतील ते जसंच्या तसं टाइप करत होती. वडिलांचं नाव त्यांनी एकेक अक्षर करून सांगितलं. नर्सनं ते लिहून, मोठं करून त्यांना दाखवलं. वडिलांचं नाव त्यांनी छापल्यासारखं आधी कधी पाहिलं नव्हतं.

फोटो पडद्यावर आले. फिनिशिंगवाल्यांची नजर सवयीप्रमाणे थेट दोषावर गेली. सगळे टाके एका रेषेत होते, फक्त एका माशाच्या शेपटीपाशी शेवटचा टाका वाकडा बसला होता. एक टोक वर, एक खाली. क्षणाचं काम होतं. त्यांचा हात शिवशिवला. त्यांनी माउसवरचा हात उचलला आणि सरळ खिशात घातला.

"बघा, ताई," ते म्हणाले.

त्या पडद्याजवळ गेल्या. वाकड्या टाक्यापाशी त्यांची नजर थांबली की काय असं फिनिशिंगवाल्यांना वाटलं. "हं," त्या म्हणाल्या. "असेच आहेत." मग पिशवी खांद्याला लावली. "वाडगा राहू दे इथे. पण आतला फोटोही घाला."

एवढ्यावर समितीचं तोंड बंद झालं. अट एकच पडली, की प्रत्येक फोटोखाली 'ह्यात काहीही बदल केलेला नाही' असं लिहायचं. हौशी मंडळी आता घरी बसून न लिहिता वस्तू समोर ठेवून लिहू लागली, त्यामुळे मागच्या खोलीत गर्दी झाली आणि शिंकायला बाहेर जाणाऱ्यांची रांग लागू लागली. त्या अभ्यासकांना क्युरेटर बाईंनी कानाबद्दल माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर मात्र आलं नाही.

नव्या फोटोंपैकी वाडग्याचं पान आधी चढवलं. काही दिवसांनी त्याच्याखाली नातीनं लिहिलं: 'आजी, बघितले. सगळे बघितले. पणजोबा काय भारी काम करायचे. पण शेपटीपाशी एक टाका वाकडा आहे. तिथे त्यांचा हात घसरला होता का?'

त्याच्याखाली बाईंचं उत्तर होतं. त्या स्वतः वाचनालयात येऊन, तिथल्या कॉम्प्युटरवर एका बोटानं लिहून गेल्या होत्या. 'त्यांचा हात कधी घसरला नाही. तो टाका माझा आहे. वाडगा माझ्याच हातून फुटला होता. मी रडायची थांबेना, म्हणून शेवटचा टाका त्यांनी मला घालायला दिला. मी तेव्हा तुझ्या मुलीएवढी होते. हे आजवर मी कुणाला सांगितलं नव्हतं.'

फिनिशिंगवाल्यांनी ते मागच्या खोलीत उभ्याउभ्या वाचलं. त्यांना हुंदका आला आणि तो त्यांनी लपवला नाही. किती चेहऱ्यांवरून आपण किती काय घालवलं, आणि ते तिथे कसं आलं होतं हे एकालाही विचारलं नाही, एवढंच त्यांच्या मनात येत राहिलं. नर्सनं त्यांना पाणी आणून दिलं.

तेवढ्यात क्युरेटर बाई पुढची वस्तू घेऊन आल्या. एक पत्र्याची पेटी होती, झाकणावर मोठा पोचा पडलेली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि नेहमीप्रमाणे क्रमांकाची चिठ्ठी शेजारी लावली.

फिनिशिंगवाल्यांनी नाक पुसलं, दिवा खाली आणला, आणि मग पुन्हा विझवला.

"ही पेटी कुणी दिलीय?" त्यांनी विचारलं. "त्यांच्या घरी आधी फोन लावा. ते आले की मग फोटो काढू."